म्येनरेन : पिठाची चिनी मूर्ती पहिल्यांदा करताना

चीनमध्ये पिठाच्या रंगीत मूर्तींना म्येनरेन म्हणतात. काडीवर खोचलेला, बोटभर उंचीचा, अंगरख्याची किनार आणि दाढीचा केस न् केस दिसणारा माणूस हा तिचा नेहमीचा अवतार. पूर्वी कारागीर रंगीत पिठाची पेटी घेऊन गावोगावच्या जत्रांत बसत आणि पोरांच्या डोळ्यांदेखत काही मिनिटांत माकडराजा सुन वुखोंग करून देत. पाहणाऱ्याला वाटते, सगळी करामत बोटांची. बोटांची असतेच, पण नवशिक्याची पहिली मूर्ती बिघडते ती बोटांमुळे क्वचित. ती बिघडते पिठामुळे आणि वाळवण्यामुळे. म्हणून या लेखातला बराच भाग पिठावर खर्च केला आहे.

परंपरा जुनी आहे. वायव्य चीनमधल्या शिंच्यांगमध्ये, तुर्फानजवळच्या अस्ताना थडग्यांत तांग काळातल्या (सातवे ते दहावे शतक) पिठाच्या आकृत्या सापडल्या. तिथली हवा इतकी कोरडी, की बाराशे-तेराशे वर्षांत पिठाला बुरशी लागली नाही. पुढे शांदोंग प्रांतातला हेझ परिसर या कलेचे माहेर बनला. तिथल्या ‘मुली’ नावाच्या गावातून कारागीर पोटासाठी देशभर फिरले आणि जातील तिथे हात शिकवत गेले. बीजिंगमध्ये थांग त्सपो आणि लांग शाओआन, शांघायमध्ये चाओ ख्वोमिंग ही विसाव्या शतकातली मोठी नावे. लोक त्यांना ‘म्येनरेन थांग’, ‘म्येनरेन लांग’ अशाच नावांनी ओळखत. बीजिंगची लांग आणि शांघायची चाओ परंपरा, तसेच हेझकडच्या मूर्ती २००८ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आल्या.

काम दोन तऱ्हांचे असते. एक काडीवरचे, झटपट, हातात धरून फिरवायचे. दुसरे पाटावरचे, म्हणजे बैठकीवर उभे करून काचेच्या पेटीत ठेवायचे. शिकायला काडीवरचेच बरे. मूर्ती सगळीकडून फिरवता येते आणि हात टेकायला जागा शोधावी लागत नाही.

पीठ

साहित्य असे घ्या. यातून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गोळा होतो. आठ-नऊ सेंटिमीटरच्या पाच-सहा मूर्तींना तो पुरतो.

मैदा २०० ग्रॅम, चिकट तांदळाचे पीठ ५० ग्रॅम, बारीक मीठ १५ ग्रॅम, ग्लिसरीन १५ मिली, मध १५ ग्रॅम, सोडियम बेंझोएट २ ते ३ ग्रॅम, पांढरे व्हिनेगर १ छोटा चमचा, उकळते पाणी १४० ते १७० मिली.

चिकट तांदळाचे पीठ म्हणजे आपल्या मोदकांचे पीठ नव्हे. आंबेमोहोर कितीही मऊ शिजला तरी त्यात अमायलोज हा स्टार्च असतो आणि थंड झाल्यावर तो कडक होतो. चिकट तांदळात जवळजवळ सगळा स्टार्च अमायलोपेक्टिन असतो. तो सावकाश आखडतो, म्हणून शिजवलेले पीठ कित्येक दिवस मऊ राहते. पूर्व आशियाई किराणा ठेवणाऱ्या दुकानांत हे पीठ मिळते. जपानी मोचीचे पीठ चालते, आसामचा बोरा तांदूळ दळूनही चालतो. यातले काहीच मिळाले नाही तर मोदकाचे पीठ घालून वेळ मारून नेऊ नका. नुसत्या मैद्याचे काम करा आणि गोळा दोन-तीन दिवसांत संपवा.

बाकीच्या जिनसांची कामे वेगवेगळी. मीठ पिठाला ताठपणा देते आणि बुरशीला आवर घालते. मध आणि ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे वळताना पीठ फाटत नाही आणि वाळताना एकदम तडकत नाही. सोडियम बेंझोएट बुरशी रोखते, पण आम्ल माध्यमातच नीट काम करते. बऱ्याच पाककृतींत ते नुसतेच घातलेले दिसते आणि मग बुरशी आली की पुडीला दोष दिला जातो. व्हिनेगरचा चमचा त्यासाठी आहे. हे पीठ खायचे नाही, हे घरातल्या लहानांना आधीच सांगून ठेवा.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात काम करणार असाल तर ग्लिसरीन निम्मे करा. मीठ आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतला ओलावा ओढतात. जुलैत पूर्ण मापाच्या मूर्तीला घाम फुटतो, अंग चिकट होते आणि तिच्यावर धूळ बसते. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हिवाळ्यात पूर्ण माप बरोबर.

दोन्ही पिठे आणि मीठ एकत्र चाळा. बेंझोएट थोड्या गरम पाण्यात विरघळवून घ्या. आधी १४० मिली उकळते पाणी घालून काठीने कालवा, मग लागेल तसे वाढवा. पाणी उकळतेच हवे. कोमट पाण्याने मैद्यातले ग्लुटेन जोर धरते आणि गोळा रबरासारखा होतो. दाबलेली खूण दोन सेकंदांत भरून येते, मग नाक काढायचे कसे? उकळत्या पाण्याने ग्लुटेन बरेचसे मोडते आणि पुढे वाफेने उरलेले बसते. हात लावण्याइतके निवले की मध, ग्लिसरीन, व्हिनेगर घालून दहा मिनिटे तिंबा. या टप्प्यावर गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट आणि पुरीच्या कणकेपेक्षा किंचित सैल हवा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

मग वाफवणे. गोळ्याचे एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्यांत तुकडे करा, मोदकपात्राच्या चाळणीला तेल लावून त्या सुट्या मांडा आणि पाण्याला उकळी आल्यावर ३५ ते ४० मिनिटे वाफवा. दीप अमावास्येला कणकेचे दिवे उकडतो तसेच हे, फक्त दिव्यांपेक्षा बरेच जास्त वेळ. झाकणाखाली कापड बांधा, म्हणजे वाफेचे थेंब चकत्यांवर पडणार नाहीत. थेंब पडले की तिथे बुळबुळीत डाग होतो आणि तो कितीही मळले तरी गाठीसारखा उरतो. एक चकती मोडून पाहा. मध्ये पांढरट कोरडी रेघ दिसली तर अजून दहा मिनिटे. शिजलेले पीठ आतून-बाहेरून एकसारखे मलईच्या रंगाचे आणि किंचित पारदर्शक दिसते.

चकत्या गरम असतानाच एकत्र मळायच्या. हात भाजतो, म्हणून जाड प्लास्टिकच्या पिशवीला आतून तेलाचे बोट लावा, चकत्या तीत घाला, वर फडके टाका आणि मनगटाच्या बाजूने दाबत चला. निवत गेल्या की हातात घ्या. एकूण आठ-दहा मिनिटे. गार झाल्यावर मळायला घेतले तर चकत्यांचे तुकडे एकजीव होत नाहीत, गोळ्यात दाणे राहतात आणि ते मूर्तीच्या गालावर वर येतात. पृष्ठभाग तकतकीत झाला की हवाबंद गुंडाळून एक रात्र तशीच ठेवा.

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्या. लिंबाएवढी गोळी करून अंगठ्याने दाबा. खूण जशीच्या तशी राहिली, कडेला भेग पडली नाही आणि अंगठ्याला पीठ लागले नाही, तर पीठ जमले. कडा फाटल्या तर ते कोरडे आहे. ओल्या हातांनी चार-पाच वेळा मळून पुन्हा तासभर झाका. अंगठ्याला चिकटले तर पाणी जास्त झाले किंवा वाफ कमी पडली. मैदा भुरभुरून दुरुस्त करायचा मोह होतो. तो टाळा, कारण कच्चा मैदा शिजलेल्या पिठात मिसळत नाही आणि त्याला बुरशीही आधी लागते. गोळा पातळ थापून पंधरा-वीस मिनिटे उघडा ठेवा आणि पुन्हा मळा. तरी चिकटच राहिला तर पुन्हा वीस मिनिटे वाफवा.

उरलेले पीठ घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावे लागते. फ्रिजच्या थंडीत स्टार्च लवकर आखडतो आणि गोळा दगड होतो, पण दहा मिनिटे वाफ दिली की तो पुन्हा मऊ येतो.

हत्यारे

खरे हत्यार एकच, बोत्स. बोटाएवढ्या रुंदीची, पंधरा सेंटिमीटर लांबीची पट्टी, पूर्वी शिंगाची किंवा बांबूची, आता ॲक्रिलिकचीही. एक टोक जिभेसारखे गोल आणि पातळ, दुसरे टोक निमुळते. बाजारातून आणायची गरज नाही. बांबूची पट्टी चाकूने तासा, बारीक सँडपेपरने घासा आणि खोबरेल लावून दोन दिवस मुरू द्या. टोकाला कुसळ राहिले तर प्रत्येक दाबाबरोबर पीठ उचलले जाते, तेव्हा गालावर फिरवून टोचत नाही ना ते पाहा.

त्याखेरीज नखे कापायची छोटी टोकदार कात्री, बारीक दातांची फणी (उवांची फणी उत्तम, केस, चिलखताचे खवले आणि पानांच्या शिरा तिनेच उठतात), एक सुई, पातळ ब्लेड, लाटायला गुळगुळीत पेन किंवा नळी आणि खाली काच किंवा ॲक्रिलिकचा तुकडा. मूर्ती खोचून ठेवायला तांदूळ भरलेली बरणी.

हातांना लावायला मेणाचे मलम करा. १० ग्रॅम मधमाशीचे मेण ४० मिली गोडेतेलात मंद आचेवर वितळवा आणि थंड होऊ द्या. काम करताना मुगाएवढे मलम तळहातावर चोळायचे. नुसते तेल लावले तर पीठ घसरते आणि जोड धरत नाहीत. पाणी लावले तर अंग बुळबुळीत होते. मेणामुळे बोटांचे ठसेही कमी उमटतात.

रंग

पोस्टर रंग किंवा ट्यूबमधला गॉश (अपारदर्शक जलरंग) घ्या. खाण्याचे रंग सुरुवातीला झकास दिसतात, पण उजेडात उडतात आणि शेजारच्या पांढऱ्यात उतरतात. शंभर ग्रॅम पिठाला दोन-तीन ग्रॅम रंग पुरतो. काळ्याला थोडा जास्त लागतो.

पांढऱ्यालाही रंग लागतो, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. बिनरंगाचे पीठ ओले असताना पांढरे भासते, वाळले की पिवळट आणि अर्धपारदर्शक होते, नखासारखे. म्हणून पांढऱ्या गोळ्यात टायटॅनियम पांढरा भरपूर मळायचा. बाकीचे रंगही वाळल्यावर गडद होतात, तेव्हा मनात असेल त्यापेक्षा एक छटा फिकी ठेवा.

वाटणी साधारण अशी : पांढरा १२० ग्रॅम, अंगाचा ८०, लाल ६०, पिवळा ५०, निळा ४०, हिरवा ३०, काळा ३०. थोडे बिनरंगाचे बाजूला राहू द्या. अंगाच्या रंगासाठी पांढऱ्या गोळ्यात हरभऱ्याएवढे पिवळे आणि मुगाएवढे लाल घाला. लाल एकदम घालू नका, ते फार पुढे धावते. फिक्या रंगापासून गडदाकडे जा आणि काळ्याला सगळ्यात शेवटी हात लावा. प्रत्येक गोळा वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि लागेल तेवढाच चिमटून बाहेर काढा. उघड्या पिठावर पाच-दहा मिनिटांत पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्यासकट मळले की बारीक कण सगळ्या गोळ्यात पसरतात.

हात बसवणे

चिनी कारागिरांची चार शब्दांची एक ओळ आहे : पहिले छापणे, दुसरे चिमटणे, तिसरे जडवणे, चौथे गोल फिरवणे. शिकणाऱ्याने ती उलटी वाचावी. आधी गोल फिरवणे जमू द्या.

मूर्तीतले सगळे काही पाच आकारांतून निघते : गोळी, थेंब, वळी, शंकू आणि पातळ पारी. एक संध्याकाळ बिनरंगाच्या पिठावर हेच करा. गोळीवर एकही चीर दिसता कामा नये. चीर दिसली तर ती वळायच्या आधीच पिठात होती. गोळी करण्याआधी तुकडा दोन-तीनदा ताणून, दुमडून दाबायचा, मग फिरवायचा. वळी धाग्याएवढी बारीक करताना बोटांनी नको, काचेवर ठेवून तळहाताने किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्याने पुढे-मागे लोटा. पारी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटा, दीड ते दोन मिलिमीटर. त्याहून पातळ पारी अंगरख्याला वापरली की आतल्या गाभ्याचा रंग दिसतो.

पहिली मूर्ती : शौशिंग

पहिल्यांदाच सुन वुखोंगला हात घालतात आणि तिथेच फसतात. त्याचा चेहरा, चिलखत, उगारलेला पाय, सगळेच अवघड. दीर्घायुष्याचा देव शौशिंग घ्या. फुगीर टकलाचा, हसरा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, एका हातात पीच, दुसऱ्यात काठी. अंगरखा पायांपर्यंत, म्हणजे पाय करायचे नाहीत. डोळे हसून मिटल्यासारखे, म्हणजे बुबुळे जुळवायची नाहीत. आणि मानेचा जोड कितीही वाकडा झाला तरी दाढी तो झाकते.

गाभा आदल्या दिवशी करा. बिनरंगाचे किंवा वाया गेलेले १२ ग्रॅम पीठ घ्या, पाच सेंटिमीटर उंचीचा, खाली रुंद असा शंकू करा, ब्लेडने खरवडलेल्या बांबूच्या सळीवर तो खोचा आणि वाळू द्या. सळीचे टोक दोन सेंटिमीटर वर उघडे हवे, त्यावर डोके बसेल. ओल्या गाभ्यावर अंगरखा चढवला तर दोन्ही एकदम आकसतात आणि पाठीवर उभी भेग जाते.

डोके. अंगाच्या रंगाची ८ ग्रॅमची गोळी अंड्याच्या आकाराची करा, तीन सेंटिमीटर उंच. साध्या माणसाच्या चेहऱ्यात डोळ्यांची रेघ डोक्याच्या मध्यावर येते. शौशिंगचे कपाळ मोठे, म्हणून त्याची रेघ खालून एक-तृतीयांशावर. तिथे करंगळीची कड आडवी दाबून खळगा करा. बोत्सच्या गोल टोकाने खळग्याच्या मधोमध दोन्ही बाजूंनी आत दाब द्या. दाब मध्याकडे द्यायचा, म्हणजे पीठ सरकून नाकाची दांडी आपोआप वर येते. नाक वेगळे करून चिकटवू नका, वाळल्यावर त्याभोवती वर्तुळ उमटते. नाकाचा शेंडा खालून किंचित उचला, निमुळत्या टोकाने नाकपुड्यांचे दोन ठिपके द्या.

तोंडासाठी पट्टीची कड टेकवून दोन्ही टोके वर जातील अशी चीर द्या आणि चिरेखालचे पीठ जरासे पुढे ओढा, तोच खालचा ओठ. गालांवर थोडा लाल मिसळलेल्या अंगरंगाची मुगाएवढी एकेक गोळी ठेवा आणि कडा बोत्सने चोळून जिरवा. डोळ्यांच्या जागी दोन कमानी कोरा आणि त्यांत केसासारखी बारीक काळी वळी सुईने बसवा. कमानीची टोके खाली झुकली की म्हातारा हसतो, वर गेली की रागावतो. भुवया पांढऱ्या, लांबट थेंबांच्या, बाहेरच्या टोकाला लोंबणाऱ्या. कान मोठे आणि पाळ्या लांब, त्यासाठी मटकीएवढे पीठ पुरे. ते नाकाच्या उंचीला यायला हवेत. नवशिक्याचे कान नेहमी वर चढतात. कपाळावर हलक्या दोन-तीन रेघा द्या. डोके सळीवर खोचताना वरून दाबू नका, कानांमागे धरून फिरवत बसवा.

चेहऱ्याला पाऊण तास लागला तरी चालेल, मात्र मध्येच उठू नका. पापुद्रा धरलेल्या चेहऱ्यावर दाब दिला की सुरकुत्या पडतात, आणि त्या म्हाताऱ्यालाही शोभत नाहीत.

अंगरखा. पिवळी पारी लाटा, वर पाच आणि खाली दहा सेंटिमीटर रुंद, गाभ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब. मागून गुंडाळून पुढे आणा. मूर्तीची डावी बाजू उजवीवर यायला हवी, म्हणजे पाहणाऱ्याला गळ्यापाशी इंग्रजी छोटे वाय (y) अक्षर दिसते. उलटा पदर चीनमध्ये मृताच्या कपड्याचा. दीर्घायुष्याच्या देवाला तो नेसवला तर जाणता माणूस पहिल्यांदा तेच पाहील. किनारीला निळी पट्टी, तिच्या आतून पांढरी बारीक वळी. दोन्ही काचेवर शेजारी ठेवून एकदा हलके लाटा, मग एकच पट्टी म्हणून लावा. चुण्या खालून वर काढायच्या, तळाशी खोल आणि कमरेकडे जाताना विरणाऱ्या. एकसारख्या अंतरावर काढल्या तर अंगरखा पडद्यासारखा दिसतो.

कारागीर म्हणतात, पंडिताची छाती पाहा, योद्ध्याचे पोट, म्हाताऱ्याची पाठ आणि सुंदरीची कंबर. शौशिंगची पाठ खांद्यांखाली थोडी बाहेर हवी आणि मान पुढे. ती किमया अंगरखा ओला असतानाच साधते.

बाह्या पाच-पाच ग्रॅमच्या. शंकू करा, रुंद तोंडात बोत्सचे गोल टोक फिरवून पोकळी काढा, कोपरात वाकवा, खांद्याला पाण्याचा एक थेंब लावून दाबा. थेंबच, कारण जास्त पाणी झाले की बाही घसरते आणि वाळल्यावर तिथे चकाकणारा डाग राहतो. हात मसुरीएवढ्या थेंबाचे. चपटे करा, कात्रीने आधी अंगठा वेगळा करा, मग तीन काप देऊन चार बोटे. बोटांची टोके चिमटीत फिरवून गोल केली नाहीत तर हात काट्याचमच्यासारखा दिसतो. पोकळ बाहीत मनगट सरकवा.

पीच ३ ग्रॅम पांढऱ्याचा. टोकाला मुगाएवढे लाल ठेवून अंगठ्याने खाली चोळत आणा, म्हणजे छटा आपसूक विरते. बाजूने बोत्सच्या कडेने एक खाच, खाली दोन हिरवी पाने, फणीने शिरा. काठी तांब्याच्या तारेवर तपकिरी पीठ चढवून करा. तपकिरी म्हणजे लाल, हिरवा आणि थोडा पिवळा. परंपरेत तिला ड्रॅगनचे तोंड असते. तुम्ही नुसता बाक द्या आणि वर एक छोटा भोपळा लोंबू द्या.

दाढी सगळ्यात शेवटी. पांढरी पारी फणीने उभी ओढा, खालची कड कात्रीने असमान कापा, पट्ट्या करा. लावताना खालून वर, घराची कौले चढवतात त्या क्रमाने. हनुवटीखालची पट्टी आधी, मिश्या अखेर.

वाळवणे

पहिले चोवीस तास मूर्तीवर उलटा डबा ठेवा, एका बाजूला काडीची फट सोडून. नंतर सावलीत, वाऱ्याबाहेर, तीन ते पाच दिवस. पंखा, ऊन, हेअर ड्रायर, ओव्हन यांपैकी काहीही नको. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो, आणि बाहेरच्याला फाटण्यावाचून पर्याय उरत नाही. दीड सेंटिमीटरपेक्षा जाड भरीव भाग कुठेही ठेवू नका. मोठे डोके किंवा पोट करायचे असेल तर आत आधी वाळवलेला गोळा घाला. पावसाळ्यात मूर्ती सिलिका जेलच्या पुड्यांसह मोठ्या डब्यात वाळवणे जास्त खात्रीचे.

पूर्ण वाळलेली मूर्ती नखाने टिचकी मारली की टणक वाजते. तोवर वार्निश लावू नका. आत अडकलेला ओलावा महिन्याभराने काळ्या ठिपक्यांच्या रूपाने बाहेर येतो, आणि लोक त्याला रंग उतरला म्हणतात.

भेग गेलीच तर त्याच रंगाचे पीठ पाणी घालून मलमासारखे करा, सुईने भरा आणि ओल्या कुंचल्याने पुसा. तुटलेले बोट पांढऱ्या गोंदाने, पिठाने नाही. वाळलेल्या पिठाला ओले पीठ धरते, पण आकसताना सुटते. अंगावर पांढरी पावडर आली तर ते मीठ आहे. कोरड्या कुंचल्याने झटका, पुढच्या गोळ्यात मीठ १० ग्रॅम घ्या. बारीक भोके आणि खाली पिठाचा चुरा दिसला तर कीड लागली. मूर्ती हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर तिच्यावर दव धरते.

काचेची पेटी, थेट उन्हापासून दूर, आत सिलिका जेल. बीजिंगच्या कलाकारांनी अक्रोडाच्या अर्ध्या कवचात आख्खे प्रसंग बसवले. तिथे कवचच पेटीचे काम करते.

खायच्या मूर्ती वेगळ्या

शान्शी प्रांतात वेनशी, तिंगश्यांग या भागांत सणाला आणि लग्नाला करतात ती ह्वामो ही या कलेची चुलत बहीण. ती यीस्टने फुगवलेल्या कणकेची, वाफवलेली आणि खाण्याची. डोळे काळ्या घेवड्याचे, सजावट खारकेसारख्या लाल चिनी बोरांची. वरची मापे तिथे चालत नाहीत. पीठ फुगते, म्हणून प्रत्येक खाच दुप्पट खोल द्यावी लागते आणि नाजूक तपशील वाफेत बुजतोच. पारंपरिक आकार मासा, वाघ, चिमणी असे ढोबळ आहेत, ते याच कारणाने. ह्वामोला बेंझोएट, पोस्टर रंग आणि मेणाचे मलम यांतले काहीही लागता कामा नये. दोन्ही शिकायचे असेल तर फणी आणि पाट वेगळे ठेवा.

शौशिंग दोन-तीनदा झाला की बारा चिनी राशींच्या प्राण्यांतला ससा किंवा डुक्कर करा. त्यात चार पायांवर तोल सांभाळायचे कळते. मग सेनापती ग्वान यू : लाल चेहरा, लांब काळी दाढी, हिरवा अंगरखा. इथे डोळे उघडे असतात, आणि उभ्या माणसाचे जुने माप लागू होते : उभा सात डोकी, बसलेला पाच, मांडी घातलेला साडेतीन. डोळ्यासाठी आधी पांढरा तांदळाच्या कणीएवढा, वर काळी राई, दोन्ही डोळ्यांचे पांढरे एकाच वेळी बसवायचे आणि मगच दोन्ही काळे. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे गेलात तर ग्वान यू तिरळा होतो.

सुन वुखोंग त्यानंतर. त्याच्या उगारलेल्या पायात तार घालायला विसरू नका, आणि ती तार सळीला गुंडाळून मगच वर पीठ चढवा.